मूड आला की करू म्हणत बसलात तर तो येत नाही

बाकीच्यांनाही संदर्भ कळावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते. वय तिशीच्या आत, आयटीत नोकरी, काम घरूनच, हिंजवडीजवळ वन बीएचकेमध्ये एकटे, घरचे सांगलीला. गेला महिनाभर मूड पडलेला आहे, तसं मोठं काही घडलेलं नाही, नोकरी शाबूत आहे, ब्रेकअप वगैरे नाही, पण सकाळी उठावंसं वाटत नाही आणि उठल्यावर काही करावंसं वाटत नाही. पाचला उठणं, थंड पाण्याची अंघोळ, ग्रॅटिट्यूड जर्नल, मेडिटेशनचं ॲप, सगळं एकदम सुरू केलं, चार-पाच दिवसांत सुटलं, आणि आता ते सुटलं याचंही वाईट वाटतंय. तुमचं म्हणणं असं की गोळ्या नकोत, रोजच्या साध्या सवयी सांगा, आणि किती दिवसांत फरक पडेल तेही सांगा.

मी समुपदेशनाचं काम वीसेक वर्षं करतेय, त्यातलं बहुतेक पुण्यातच, आणि सोमवारी सगळं सुरू करून शुक्रवारी सगळं सोडलेली माणसं माझ्याकडे सारखी येत असतात, त्यामुळे त्याचं वाईट वाटून घेणं आधी बंद करा. त्या रील्समधल्या याद्या मुळात ज्यांचं बरं चाललंय त्यांच्यासाठी असतात. ज्याला दात घासायचाही कंटाळा येतोय त्याला पाचचा गजर आणि गार पाणी सांगणं म्हणजे ताप आलेल्याला सिंहगड चढायला लावण्यासारखं आहे, तो अर्ध्यात बसणारच आणि वर म्हणणार की माझ्यातच काही दम नाही.

सवयींकडे यायच्या आधी एक गोष्ट, कारण तुम्ही महिना म्हणालात. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसातला बराचसा वेळ मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, आणि जोडीला झोप बिघडणं, भूक कमी-जास्त होणं, सतत थकवा, लक्ष न लागणं, आपण कुचकामी आहोत असं वाटणं यातलं बरंच काही असेल तर आम्ही त्याला नुसता पडलेला मूड म्हणून सोडून देत नाही, डिप्रेशन आहे का ते बघतो. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली असते, ती गेल्या दोन आठवड्यांबद्दलच विचारते, भरायला पाच मिनिटं लागतात. ती भरून स्वतःचं निदान करत बसू नका, ती घेऊन फॅमिली डॉक्टरकडे जा आणि त्याच फेरीत हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ एवढ्या रक्ताच्या तपासण्या करून घ्या. शाकाहारी असाल तर बी-१२ नक्कीच. ज्याला घरचे सहा-सहा महिने आळस म्हणत होते तो शेवटी थायरॉइड निघालाय, असं मी पाहिलंय. आणखी एक, मधे कधी उलटा काळ येऊन गेला असेल, म्हणजे दोन-तीन तास झोपूनही जबरदस्त उत्साह, वारेमाप खर्च, बोलणं थांबतच नाही असा, तर तो डॉक्टरांना न विसरता सांगा, त्याने उपचारांची सगळी दिशाच बदलते.

आणि 'जगून काय उपयोग', 'मी नसलो तर बरं' असे विचार येत असतील तर हे उत्तर इथेच बाजूला ठेवा आणि १४४१६ ला फोन करा. ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि त्या रात्री एकटं राहू नका, कुणाला तरी रूमवर बोलवा.

गोळ्या नकोत हे वाक्य मी रोज ऐकते. सौम्य त्रास असेल तर गोळ्यांशिवाय बऱ्याचदा भागतंही, पण डॉक्टरांनी तपासून गरज आहे म्हटलं तर अडून बसू नका. डिप्रेशनसाठी हल्ली देतात त्या गोळ्यांची दारू-तंबाखूसारखी चटक लागत नाही, फक्त त्या मनाने अचानक बंद करायच्या नसतात. आणि गोळी चालू असली तरी पुढचं सगळं करायचं असतंच.

आता मुद्द्यावर येते. मूड पडला की माणूस काय करतो? गोष्टी कमी करतो. आधी जिम सुटते, मग मित्रांचे फोन उचलणं, मग स्वयंपाक, मग अंघोळ दुपारवर जाते. प्रत्येक वेळी वाटतं की आत्ता नको, जरा बरं वाटलं की करू. पण ज्यातून थोडंफार बरं वाटायचं तेच सगळं कमी झालेलं असतं, म्हणून मूड आणखी पडतो, म्हणून आणखी कमी होतं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी १९७०च्या दशकात डिप्रेशनकडे असं बघायला सुरुवात केली. पुढे १९९६ मध्ये तिथलेच मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन यांच्या टीमने एक चांगला उद्योग केला, तेव्हा गाजत असलेली, विचार दुरुस्त करण्यावर भर देणारी कॉग्निटिव्ह थेरपी घेतली, तिचे भाग सुटे केले आणि काही पेशंटना नुसता 'रोजच्या कृती वाढवा' एवढाच भाग दिला. तेवढ्याने पूर्ण थेरपीइतकाच फायदा झाला. म्हणजे विचार आधी दुरुस्त व्हायलाच हवेत असं नाही, हातपाय आधी हलले तरी चालतं.

हे परदेशातलं झालं, आपल्याकडचं याहून मस्त आहे. गोव्यात 'संगथ' संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम नावाने हीच पद्धत वापरली, आणि ती देणारी माणसं ना डॉक्टर होती ना सायकॉलॉजिस्ट, साधी स्थानिक माणसं, शिकवून तयार केलेली. पेशंट मात्र चांगले बऱ्यापैकी तीव्र ते खूप तीव्र डिप्रेशनचे होते. सहा ते आठ भेटी. २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आले, तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक डिप्रेशनच्या रेषेच्या बाहेर आले होते, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. मला स्वतःला हा अभ्यास फार आवडतो, कारण त्या लोकांकडे ना ॲप होतं ना जर्नल, आणि कामं काय, तर शेजारी जाऊन येणं, चालणं, देवळात जाणं, राहिलेलं घरकाम हातात घेणं असलीच.

तर तुम्हाला पहिलं काम सवय लावायचं नाही, नोंद करायचं आहे. चार दिवस, त्यात एक सुट्टीचा. साधी वही घ्या, मोबाईलमध्ये नको, कारण मोबाईल उघडला की तुम्ही नोंद करणार नाही. दर दोन-अडीच तासांनी लिहायचं की काय केलं, आणि पुढे दहापैकी दोन आकडे टाकायचे, एक 'बरं वाटलं' आणि दुसरा 'जमलं'. या चार दिवसांत सुधारायचं काहीच नाही.

एका बाईंच्या वहीतला रविवार सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. बँकेत नोकरी, एकट्या राहायच्या. सकाळी नऊ ते साडेअकरा अंथरुणात मोबाईल, बरं वाटलं २, जमलं ०. बारा वाजता ओट्यावरची कालची भांडी घासली, बरं वाटलं १, जमलं ६. दुपारी तीन ते पाच वेब सिरीज, ३ आणि ०. संध्याकाळी कोथिंबीर आणायला खाली गेल्या, भाजीवाल्या मावशींशी पाच मिनिटं पावसाच्या गप्पा झाल्या, ५ आणि ४. रात्री अकरा ते एक परत मोबाईल, १ आणि ०. त्या वही पुढे सरकवताना म्हणाल्या, दिवसभर नुसता आराम केला तरी थकले. मी म्हटलं यात आराम कुठे आहे ते मला दाखवा. सगळ्यात कमी आकडे ज्याला त्या आराम म्हणत होत्या त्याचे होते, आणि सगळ्यात जास्त त्या दहा रुपयांच्या कोथिंबिरीचा.

मग पुढच्या आठवड्याला आम्ही काय ठरवलं असेल? योगा क्लास नाही, जिम नाही. आठवड्याची भाजी एकदम आणायची नाही, एक दिवसाआड खाली जाऊन थोडी थोडी आणायची. बस. ही दहा मिनिटांत घरपोच आणणारी ॲप्स सोयीची आहेत पण एकट्या माणसाच्या दिवसातून अशा पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या त्यांनी काढून टाकल्यात, आणि तुमच्या वहीतही हेच दिसेल अशी माझी खात्री आहे.

वही भरली की त्यातली ज्यांचे आकडे त्यातल्या त्यात बरे आहेत अशी दोन कामं निवडा, एक 'बरं वाटलं'वालं आणि एक 'जमलं'वालं. ती दिवस, वेळ आणि जागा लावून लिहा. 'उद्यापासून चालायला जाईन' हे काही ठरवणं नव्हे, 'उद्या सव्वाआठला शूज घालून सोसायटीच्या गेटपर्यंत' हे ठरवणं. कपाट आवरायचंय तर कपाट लिहू नका, वरचा एक खण लिहा. आणि हे जरा विचित्र वाटेल, पण पहिल्या आठवड्यात हुरूप आला तरी ठरवल्यापेक्षा जास्त करायचं नाही, एक खण झाला की दार बंद. कारण हुरुपाच्या दिवशी तुम्ही अख्खं कपाट काढणार, दुसऱ्या दिवशी अंग आणि मन दोन्ही दुखणार, आणि मग तीन दिवस कपाटाकडे बघणारही नाही. करताना मजा येत नसेल तरी चालेल, मजा येतेय का हे सारखं तपासत बसू नका, आकडा नंतर टाकायचाय.

यासोबत सगळ्यांना लागू पडणारी एकच सवय मी आग्रहाने सांगते, ती म्हणजे उठायची वेळ. झोपायची नव्हे, उठायची. झोप तुमच्या हातात नाही, उठणं बऱ्यापैकी आहे. पाचला मुळीच उठू नका, तुमचं लॉगिन दहाचं असेल तर आठ ठेवा, पण शनिवार-रविवारीही आठच. रविवारी अकरापर्यंत लोळलं की रात्री दोनपर्यंत झोप येत नाही आणि सोमवार तिथेच बिघडतो, आणि आपण म्हणतो मंडे ब्लूज. उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासाच्या आत उजेडात जा, चहाचा कप घेऊन बाल्कनीत, बाल्कनी नसेल तर खाली. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं, आणि घरातला उजेड आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार कमी असतो. ट्यूब लावलेल्या खोलीत दोन-चारशे लक्स (उजेड मोजायचं एकक), बाहेर ढगाळ असलं तरी काही हजार, आणि लख्ख उन्हात लाखाच्या आसपास. म्हणून पावसाळ्यातही बाहेर जायचंच, पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य दिसत नाही ही सबब चालत नाही. तुमचं टेबल भिंतीकडे तोंड करून असेल तर ते आजच खिडकीपाशी ओढा. घरून काम करणाऱ्यांमध्ये मी हे हमखास बघते, पडदे ओढलेले, दिवसभर एक ट्यूब, आणि जेवणही लॅपटॉपसमोर त्याच खुर्चीत.

दुपारी अंथरुणात लोळणं टाळा. पडायचंच असेल तर वीस मिनिटांचा गजर लावून पडा. आणि लॅपटॉप घेऊन बेडवर बसू नका.

चालण्याबद्दल सगळ्यांनी सगळं सांगितलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं म्हणते, बरोबरच आहे, पण तो आकडा आत्ता तुमच्या कामाचा नाही, तुमचा आकडा गेटपर्यंत जाऊन येणं हा आहे, तो आठवडाभर टिकला की पुढच्या चौकापर्यंत. वर्षाची जिम मेंबरशिप या अवस्थेत घेऊ नका, पैसे जातात आणि रोज जिमचा आठवण करून देणारा मेसेज येतो.

खाण्यापिण्याचं पटकन सांगते. चहा-कॉफीचा अर्धा अंमल पाच-सहा तासांनीही अंगात असतो, म्हणून दुपारी तीननंतर नको. एकटे राहणारे रात्रीचं जेवण उडवतात आणि अकराला बिस्किटाचा पुडा संपवतात, त्यापेक्षा मुगाची खिचडी टाका, कुकरच्या तीन शिट्ट्यांचं काम आहे, आणि वहीत तिला दोन्ही रकान्यांत आकडे मिळतात. दारू मात्र स्पष्ट सांगते, मूड पडलेला असताना नको. दोन पेगने झोप लवकर लागते हे खरं, पण पहाटे तीन-चारला जाग येते आणि दुसरा दिवस आदल्या दिवसापेक्षा वाईट जातो, वीकेंडला मित्रांसोबत घेतली तरी सोमवारच्या आकड्यांत ती दिसते.

आता माणसं. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त हेच खटकलं, एवढं सगळं लिहिलंत पण त्यात एकाही मित्राचा उल्लेख नाही. आईचा फोन रोज येत असेल, जेवलास का, हो जेवलो, बरा आहेस ना, मजेत, संपला फोन. त्यांना सगळं सांगायलाच हवं असं नाही, घरचे घाबरतात, मग 'तुला काय कमी आहे' पासून 'लग्न कर म्हणजे मार्गी लागेल' पर्यंत सल्ले सुरू होतात (औषध म्हणून लग्न करू नका, समोरच्या मुलीवर तो अन्याय आहे). पण एका माणसाला खरं सांगा. फोनवर जमत नसेल तर मेसेज टाका, साधा असा: 'यार महिनाभर जरा डाऊन आहे, सल्ला नकोय, रविवारी चहाला भेटू.' सल्ला नकोय हे आवर्जून लिहा, त्यामुळे समोरच्याचंही दडपण जातं, आपण आता काय बोलायचं याचं. लोकांना वाटतं आपण समोरच्याला बोअर करू, बहुतेक वेळा तसं होत नाही, उलट तोही काहीतरी सांगतो. आठवड्यातून एक-दोन दिवस ऑफिसला जाता येत असेल तर जा, काम जास्त होतं म्हणून नाही, बस, लिफ्ट, कॅन्टीन या सगळ्यात चार माणसांशी उगाच बोलणं होतं म्हणून. मेसचा डबा लावला असेल तर तो बंद करून तिथे जाऊन जेवा.

राहिला संध्याकाळचा भाग. लॉगआउट झालं की साधारण सात ते नऊ डोक्यात गिरणी सुरू होते, माझंच असं का, बाकीचे कुठे पोचले, मी आळशी आहे का. आपल्याला वाटतं आपण प्रश्न सोडवतोय. घड्याळ लावून पाच मिनिटं खुशाल विचार करा, मग स्वतःला विचारा की या पाच मिनिटांत नवीन काही कळलं का, करण्यासारखं एखादं पाऊल सापडलं का. सापडलं तर वहीत लिहा. नाही सापडलं तर तो विचार नाही, ते नुसतं दळण आहे, उठा आणि हाताला काम द्या, कांदा चिरा, कपड्यांच्या घड्या घाला, पाणी भरा. विचार थांबवायचा प्रयत्न करू नका, तो थांबत नाही, फक्त त्याच्यासोबत बसून राहू नका. वाईट वाटण्याचंही वाईट वाटणं हा जो तुमचा दुसरा थर आहे त्यावर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत फार चांगलं काम आहे, महाराष्ट्रात ती कि. मो. फडके यांच्यामुळे पोचली. तिचं सांगणं असं की मला बरं वाटावं ही इच्छा ठीक आहे, पण मला कायम बरं वाटलंच पाहिजे असा हट्ट धरला की साध्या उदासीतून मोठा त्रास तयार होतो.

ग्रॅटिट्यूड जर्नल वाईट नाही, पण मूड खाली असताना 'माझ्याकडे एवढं सगळं असून मी असा' हीच त्याची दुसरी ओळ होते, म्हणून मी सुरुवातीला देत नाही. मेडिटेशनचंही तसंच, डोळे मिटले की काहींची गिरणी अजून जोरात चालते. दोन महिन्यांनी बघू.

वाईट दिवस येणारच, त्या दिवसासाठी आधीच एक किमान यादी करून फ्रिजवर लावा, तीनच गोष्टी: आठला उठणं, अंघोळ, पाच मिनिटं खाली जाऊन येणं. बाकी सगळं माफ. त्या दिवशी एवढं झालं तर वहीत 'जमलं' समोर ८ टाका, मी तरी टाकेन.

किती दिवसांत फरक पडेल? पहिल्या आठवड्यात मूडमध्ये काही दिसणार नाही, उलट थकल्यासारखं वाटेल. पुढे बहुतेकांचा 'जमलं'चा रकाना आधी हलतो, शून्य-एकवरून तीन-चारवर, 'बरं वाटलं' मागून येतो आणि अडखळत येतो, तीन दिवस वर आणि एक दिवस धाडकन खाली असा. म्हणून कालच्या दिवसाशी आजचा लावून बघू नका, आठवड्याशी आठवडा लावा. तीन-चार आठवडे हे नीट करूनही आकडे तिथेच असतील किंवा खाली चालले असतील तर आणखी सवयी वाढवत बसू नका, सायकियाट्रिस्टची वेळ घ्या आणि जाताना ही वही घेऊन जा. झोप कशी आहे, दिवस कसा जातो, सकाळी जास्त त्रास होतो की संध्याकाळी, हे पहिल्याच भेटीत विचारतात आणि समोर बसल्यावर नेमकं काही आठवत नाही, वहीत ते सगळं तारखेसकट असतं.